बायकोच्या नावाने आणलेला पाव

रोहण्याच्या आमच्या वस्तीत पाव कधी येत नसे. आर्वीच्या दवाखान्यात कोणी भरती झालं तर त्याच्या उशाशी चहात बुडवायला दोन पाव असत, एवढीच त्याची ओळख. मी पहिला पाव खाल्ला तो चोविसाव्या वर्षी, परदेशी निघालेल्या बोटीवर, आणि मला तो मुळीच आवडला नाही. पुढची चार वर्षं मात्र मी पावावरच काढली.

शिष्यवृत्ती मिळवून मी दक्षिण फ्रान्समधल्या एका लहान शहरात कापसाच्या वाणांचा अभ्यास करायला गेलो होतो. राहायला खोली मिळाली ती एका बेकरीच्या माडीवर. मालक रोज सकाळी भट्टीतून पाव काढी. हातभर लांब, वरून तांबूस, कडक. बाहेरची गार हवा लागली की त्याचं कवच आपोआप तडकू लागे. फळीवर वीस-पंचवीस पाव उभे असले की तव्यावर तीळ टाकल्यासारखी बारीक तडतड ऐकू येई. आत मोठमोठी भोकं, आणि चवीला किंचित आंबटपणा, आपल्या आंबिलीसारखा. त्यात साखर नाही, दूध नाही. पीठ, पाणी, मीठ आणि आदल्या दिवशीच्या पिठाचा राखून ठेवलेला गोळा, बस.

पहिल्या सकाळी मी पाव घ्यायला खाली उतरलो तेव्हा सवयीने दोन्ही हात पुढे करून, जरा अंतर राखून उभा राहिलो. वरून टाकतील तो झेलायचा, असं हातांना लहानपणापासून ठाऊक होतं. मालकाला त्यातलं काही कळलं नाही. तो फळीवरून पुढे वाकला आणि पाव माझ्या हातात ठेवून त्याने माझी बोटं वरून दाबली, कारण पाव गरम होता आणि मी तो हातातून पाडीन अशी त्याला भीती वाटली. मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी खोलीत जाऊन तो अख्खा पाव नुसता खाल्ला.

गल्ल्यावर मालकाची मुलगी बसे. मी तिथून निघालो तेव्हा आमचं लग्न झालेलं होतं.

त्रेपन्नच्या हिवाळ्यात आम्ही दोघं रोहण्याला आलो. वडील मी लहान असतानाच गेले होते. माय दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचून एकटीच राहत होती. तिला धास्ती एकाच गोष्टीची होती, ही गोरी सून खाईल काय. पण सुनेने दुसऱ्याच आठवड्यात चुलीसमोर बसकण मारली. ज्वारीचं पीठ मळायला, थापायला शिकली. पहिल्या भाकरी फाटल्या, त्या तिने स्वतःच खाल्ल्या. अंबाडीच्या भाजीतल्या तिखटाने तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाही, पण ताट स्वच्छ होई. वस्तीतल्या बाया दारात उभ्या राहून हा सोहळा बघत. मायची धास्ती महिन्याभरात गेली.

अडचण माझी झाली. आल्यावर आठ-दहा दिवस भाकर गोड लागली. मग एका सकाळी डोळे उघडले तेच त्या पावाच्या वासाने, आणि उठून बघतो तर चुलीवर चहा उकळत होता. त्यानंतर तो वास माझा पिच्छा सोडेना. भाकरीचा तुकडा मोडला की मी नकळत कान देऊन ऐके, आवाज कसा येत नाही म्हणून. हे मायला सांगणं शक्य नव्हतं. मी शिकत असताना तिने घरातली ज्वारी माझ्यासाठी बांधून दिली होती आणि स्वतः कण्यांवर दिवस काढले होते. तिच्यासमोर बसून मला तुझी भाकर पुरत नाही, हे कुठल्या तोंडाने बोलायचं?

बायकोला सांगितलं. आम्ही एकट्यात फ्रेंचमध्ये बोलत असू. ती बेकरीत वाढलेली, तिला सगळं येत होतं. तिने ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणाली. नऊ वर्षांची असल्यापासून ती पिठाच्या पराती उचलत आली होती. पीठ छातीत जाऊन तिच्या वडिलांना खोकला लागला होता, आणि तो भिंतीपलीकडून ऐकत ती मोठी झाली होती. ती म्हणाली, "दोन समुद्र ओलांडून मी इथे आले. त्या पिठात पुन्हा हात घालायला नाही आले. पुन्हा विचारू नकोस."

मी पुन्हा विचारलं नाही. शोधायला लागलो.

माझी नोकरी शेती खात्यात होती. सुधारलेलं बियाणं घेऊन जिल्हाभर हिंडायचं, शेतकऱ्यांना दाखवायचं. आज आर्वी, उद्या हिंगणी, परवा समुद्रपूर. म्हटलं, एवढ्या जिल्ह्यात कुठेतरी मिळेल. सुरुवात आर्वीच्या चहाच्या हॉटेलातून केली. शाळेत असताना तिथे आमच्यासाठी कान तुटलेला कप बाहेर खुंटीला टांगलेला असे. तो अजूनही होता. मी परदेशी जाऊन आलेला सरकारी माणूस, अंगात कोट. मालकाचा हात आधी खुंटीकडे गेला, मग थांबला, मग त्याने कप सोडून मला काचेच्या ग्लासात चहा दिला. पाव आहे का विचारलं तर बरणी उघडून दाखवली. मुठीएवढे गोड पाव, वरून चकचकीत, वर्ध्याहून तीन दिवसांपूर्वी आलेले. चार आणले आणि वाटेत सायकल थांबवून एक खाल्ला. चहात बुडवायच्याच लायकीचा होता. उरलेले बैलांना घातले.

वर्ध्याला स्टेशनाजवळ ज्याची बेकरी होती तो मुसलमान म्हातारा होता. ठेंगणा, भुवयांवर पीठ, बोलणं अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी. मी त्याला समजावून सांगितलं. लांब, कडक, आतून पोकळ, साखर नाही. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "साहब, ये किसके वास्ते?"

त्या वेळी खरं बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण रोहण्याच्या वस्तीतला माणूस फ्रान्सचा पाव मागायला आला आहे, हे मला स्वतःलाच चमत्कारिक वाटलं. लोक म्हणतील, चार वर्षांत साहेब झाला. मी म्हणालो, माझी बायको तिकडची आहे, तिला इथलं अन्न चालत नाही. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम बदलला. लेकीबाळीसारखी कोणी मुलूख सोडून आली आहे आणि उपाशी आहे, असं त्याने धरलं असावं. पुढच्या गुरुवारी या, म्हणाला.

पुढच्या गुरुवारी त्याने लांब पाव केला होता, पण तो नेहमीचाच गोड पाव, फक्त लांब. साखर का घातली विचारलं तर म्हणाला, अहो, आजारी बाई, काहीतरी गोड पोटात जाऊ द्या. ती आजारी नाही हे सांगण्यात एक गुरुवार गेला. त्यानंतरचा पाव कडक होता, म्हणजे खालून करपलेला आणि आतून कच्चा. मी कवच म्हणालो तर त्याने वर तूप लावून भाजला. भोकं म्हणालो तर सोडा जास्त घातला, आणि तो पाव तोंडात धरवेना. टोस्टासारखा सुकवला तो वेगळाच. प्रत्येक वेळी तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राही. प्रत्येक वेळी मी जवळ आलं म्हणे आणि स्टँडपर्यंत चालत जाताना रागाने दात-ओठ खाई. राग त्याच्यावर नव्हता. त्या पावाला मराठीत शब्दच नव्हते, आणि हिंदीतही नव्हते. मी कडक म्हणे ते त्याच्यापर्यंत खारी होऊन पोहोचे.

नागपूरला कामासाठी गेलो तेव्हा कामठीच्या छावणीपर्यंत जाऊन आलो. पलटणीसाठी भाजलेला पाव मिळाला. पांढरा, चौकोनी, कापसासारखा मऊ. कापूस मी दिवसभर बघतच होतो.

शेवटी सासऱ्यांना पत्र लिहिलं. बायकोला न सांगता. कृती तपशिलात कळवा, वजनं द्या, किती वेळ भिजवायचं ते लिहा. दीड महिन्याने ऑफिसच्या पत्त्यावर उत्तर आलं. माणूस फार शिकलेला नव्हता. त्याने लिहिलं होतं की मी आयुष्यात काही मोजलं नाही, हाताला समजतं तसं करतो, तुझ्या घरात माझ्यापेक्षा चांगले हात आहेत, त्यांना विचार. खाली एक ओळ जोडली होती. आंबवण मिळत नसेल तर तुमच्याकडे ताडाचा रस असतो असं ऐकलं आहे, तो घालून बघ.

ताड नाही, पण आमच्याकडे शिंदीची झाडं होती. हिंगणीच्या बाजूला जंगलालगत एक गोंड शेतकरी माझं बियाणं पेरून बघत होता. मी त्याला ताजी शिंदी मागितली. पिणारा माणूस नाही म्हणून मला तो ओळखत होता, त्यामुळे त्याने दोनदा विचारलं, कशाले पाह्यजे? मी सांगितलं, पावासाठी. ते काय असतं हे त्याला सांगता सांगता मोटार यायची वेळ झाली. त्याने बाटली भरून दिली, वर बूच ठोकलं, आणि लवकर नेजो म्हणाला.

एप्रिलचं ऊन होतं. मोटारीत मी बाटली मांडीवर धरून बसलो. सेलूच्या पुढे बूच उडालं. बरीचशी शिंदी फेसाळून माझ्या कोटावर आणि शेजारच्या गुरुजींच्या धोतरावर सांडली. गाडीभर वास सुटला. कंडक्टर उठून आला, गाडी थांबवली आणि खाली उतरा म्हणाला. मी घाबरून मोठ्याने सांगू लागलो, "बायकोसाठी नेत होतो. पिठात घालायला." पिठात घालायला हे कोणी ऐकलं नाही, कारण तोवर सगळी गाडी हसत होती. मला उतरवून गाडी निघून गेली. वर्ध्यापर्यंत चालत आलो. बाटलीच्या तळाशी थोडी शिंदी उरली होती, ती म्हाताऱ्याला नेऊन दिली. त्याने नाकाला लावली आणि मान हलवली. उन्हात फार आंबून ती वाया गेली होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी बायको विहिरीवरून आली ती घागर खाली ठेवतानाच आदळून. मी ओट्यावर दाढी करत होतो, माय ज्वारी पाखडत होती. एरवी ती माझ्यावर रागावे ते फ्रेंचमध्ये. त्या दिवशी मुद्दाम वऱ्हाडीत बोलली, मायला कळावं म्हणून.

"तू लोकाइले माह्याबद्दल काय सांगून राह्यला? मी शिंदी पेते? मले भाकर चालत नाई?"

मी वस्तरा खाली ठेवला. विहिरीवर बाया तिला म्हणाल्या होत्या की तुह्या पाई बिचारा नवरा वर्ध्याले खेपा घालून राह्यला, तू कायले आमच्यासंगं भाकर थापाचं नाटक करते. दीड वर्ष ती त्यांच्यात बसली, त्यांच्यासारखी बोलायला शिकली, आणि मी एका मोटारभर लोकांसमोर ते सगळं पुसून टाकलं होतं. मी खरं सांगितलं. पाव तिच्यासाठी नव्हता, मला हवा होता. वर्ध्याच्या म्हाताऱ्याचं सांगितलं, कामठीचं सांगितलं, तिच्या वडिलांच्या पत्राचंही सांगितलं.

बायको काही बोलायच्या आत मायचं सूप थांबलं.

"म्हंजे तुलेच नाई चालत माह्या हातची भाकर?"

"चालते, माय."

"मंग?"

 मला सांगायचं होतं की परक्या माणसाने माझ्या हातात हात लावून अन्न ठेवलं ते पहिलं, म्हणून असेल. पण मायने मला आयुष्यभर हाताने भरवलं होतं, तिला ते काय वाटलं असतं. मी वस्तरा उचलून उरलेली दाढी करू लागलो. माय परत पाखडायला लागली. त्या आठवड्यात तिने माझं ताट वाढलं, पण समोर बसली नाही. बायकोही माझ्याशी कामापुरतंच बोलली.

गुरुवारी मी निघालो तेव्हा बायको लुगड्याचा पदर खोचून दारात उभी होती. मीबी येते, म्हणाली.

म्हाताऱ्याने तिला बघितलं आणि आतून खुर्ची आणली, फडक्याने पुसली. ती बसली नाही. तिने त्याला सांगितलं, "चाचा, मले पाव लागत नाई. ह्यायले लागते. ह्यायनं तुमाले खोटं सांगतलं." म्हातारा आधी तिची वऱ्हाडीच ऐकत राहिला. मग अर्थ पोहोचला. तो माझ्याकडे वळला.

"साहब, तुमच्यासाठी आहे म्हणाले असते तर मी पहिल्याच दिवशी हात जोडले असते, आपल्याच्यानं होत नाई म्हणून. बेटी परमुलखात उपाशी आहे म्हणून इतकं केलं. मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं मी."

मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही कळलं नाही. तो खोकत आत गेला, आणि तो खोकला ऐकून बायको त्याच्या मागोमाग आत गेली. मी बाहेर उभा राहिलो. आत ती त्याला किती वर्षं झाली, झोपता कुठे, असं विचारत होती. पिठाच्या पोत्यांजवळच झोपतो म्हटल्यावर ती त्याच्यावर चांगलीच उखडली. मग परात सरकवल्याचा आवाज आला. डोकावलं तर ती परातीतल्या गोळ्यात एक बोट खुपसून, तो खळगा भरून येतो का ते बघत होती. तिने हात घातला नाही, एक बोटच. ती म्हणाली, मळणं चांगलं आहे, पण घाई होते. सोडा नको, साखर नको. आजचा गोळा झाकून ठेवा, उद्या त्यात नवं पीठ घाला, असं आठ दिवस करा. भट्टीत पाव टाकताना पाण्याचा शिपका मारा. आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, आपल्या गव्हात तेवढा चिकटपणा नाही, त्यामुळे तसा पाव इथे होणार नाही.

पुढच्या गुरुवारी म्हाताऱ्याने एक पाव माझ्यापुढे ठेवला.  कवच तांबूस होतं, बोटाने ठोकलं तर पोकळ वाजलं. आंबटपणा होता. मी तिथेच उभ्याने मोडला. आतून मात्र तो घट्ट होता, ओलसर, जड, उकडलेल्या पिठासारखा. दीड वर्षात याच्याइतकं जवळ काही आलं नव्हतं, आणि म्हणूनच मला रडू येईल की काय असं वाटलं. इतक्या जवळ येऊन तो तिथेच थांबला होता. बरा आहे, म्हणालो. म्हातारा म्हणाला, "बरा नाई. तुमच्या तोंडावर दिसते."

तो पाव मी घरी आणला, लपवून नाही, पिशवीत उघडा. मायने तुकडा चावून बघितला, बराच वेळ चावला, आणि म्हणाली की दातात अडकते. मग उरलेला कुस्करून तिने कांदामिरचीची फोडणी दिली. तिघांनी खाल्ला. बायकोने दुसऱ्यांदा घेतला.

त्यानंतर मी शोधणं बंद केलं, असं लोकांना वाटलं. मी फक्त बोलणं बंद केलं. कुठल्याही गावी गेलो की नजर भट्टीच्या धुराकडे जाई. छप्पन्नच्या दसऱ्याला आम्ही तिघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. लाखो लोक, जो तो भाकरी बांधून आलेला, अनोळखी माणसं एकमेकांच्या हातात तुकडे देत होती. मी खात होतो, मन भरून आलं होतं, आणि त्याही वेळी जिभेला ते कवच हवं होतं. मला माझीच चीड आली. आर्वीच्या त्या हॉटेलात मात्र मी त्यानंतर कधी पाऊल टाकलं नाही.

सत्तावन्नमध्ये माझी बदली समुद्रपूरला झाली. तिथे बेकरी नव्हती. बायको वस्तीतल्या मुलींना शिवण शिकवू लागली, माय आमच्यासोबत आली. महिन्या-दोन महिन्यांनी वर्ध्याचा म्हातारा मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर एक पाव पाठवी, वर्तमानपत्रात बांधून, बायकोच्या नावाने. ती त्याला उलट लिंबाचं लोणचं आणि पिठापासून लांब झोपा असा निरोप पाठवी. पाव पोहोचेपर्यंत शिळा होऊन दगड झालेला असे. स्टँडवर ड्रायव्हर हाक मारून म्हणे, बाईचा पाव आला. मी तो घेई, आणि बाईचा नाही, माझा आहे, असं दर वेळी सांगे. ड्रायव्हर हसे. त्याला ते कधी खरं वाटलं नाही.